मोटार ऑटोवर आहे

१९ जानेवारी, पहाटेचे पावणेचार
शेतातलं घर, अंबड तालुका

अण्णा विहिरीवरून येऊन आत्ताच आडवे झाले. मला काही झोप येईना, म्हणून वही काढली.

या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. मोसंबीला पाणी तोडून दिलेला ताण आता सोडलाय, अंब्या बहाराचं पहिलं पाणी चालू आहे, ते चुकवून भागत नाही. स्टार्टरला ऑटो बसवलेलं आहे. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. तरी दोन वाजता अण्णा बॅटरी घेऊन निघालेच. मी म्हटलं, "अण्णा, मोटार ऑटोवर आहे ना? मग काहून उठता?"

"ऑटो नुसती चालू करतंय माय. पाणी येऊ राह्यलं का नाही, ते त्याला काय ठाऊक?"

मीही मागोमाग गेले. विहीर हाकेच्या अंतरावर. तिथं पोचल्यावर त्यांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. थोडा वेळ नुसते उभे राहून आवाज ऐकत होते. मग वाकून पाइपावर तळहात ठेवला, म्हणाले, तूही ठेव. पाइप गारठलेला होता आणि आतलं पाणी हाताला धडधडत जाणवत होतं. हे सगळं झाल्यावर त्यांनी बॅटरीचा उजेड अँपिअरच्या काट्यावर टाकला. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला होता, ऑटोनं इमानेइतबारे मोटार चालूच ठेवली आणि ती कोरडी चालून जळाली. वाइंडिंगचा खर्च झाला, शिवाय ऐन उन्हात बाग आठ दिवस पाण्यावाचून राहिली. तेव्हापासून ते उठतात.

त्या पाइपावर हात ठेवला आणि मला मागचा मंगळवार आठवला. कुणाला सांगितलं नव्हतं, इथं लिहिते.

मुंबई–कोलकाता, रात्रीचं उड्डाण, एअरबस ए३२०. मी उजव्या सीटवर, सहवैमानिक. उड्डाणाच्या प्लॅनमध्ये उंची ३७,००० फूट होती, आम्हाला मिळाली ३३,०००. खाली हवा दाट, म्हणजे इंधन जास्त जाणार, हे मला पुरतं माहीत होतं. रायपूरच्या आसपास इंधनाची नोंद करायची वेळ झाली. मी कागदावर ५,४०० किलो लिहिलं. कॅप्टन हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा बघ." गेजवर ५,१२० होते. मी लिहिलेला आकडा प्लॅनच्या रकान्यातला होता. डोळे गेजकडे गेले होते, हे मी शपथेवर सांगेन. पण जो आकडा दिसेल असं मनानं धरलं होतं, तोच मला दिसला. इंधन भरपूर होतं, बिघडलं काहीच नाही. तरी ते २८० किलो माझ्या डोक्यातून जात नाहीत.

गावात आलं की माणसं दोन गोष्टी हमखास काढतात. जाणती माणसं १९९३ चा औरंगाबादचा अपघात काढतात. बीड रोडवरचा कापसाच्या गाठींचा ट्रक, उड्डाण घेताना त्याला धडकलेलं विमान आणि गेलेली ५५ माणसं. आणि पोरं विचारतात, ताई, विमान आता आपोआप चालतं म्हणे, मग तुम्ही काय करता? म्हणजे धोका चढताना आणि उतरताना, मधे निवांत. पण चढता-उतरताना माझं चित्त कधी भरकटत नाही, भरकटायला जागाच नसते. मला माझा भरवसा वाटत नाही तो मधल्या वेळेत, जेव्हा सगळं ठीक चाललेलं असतं.

हा दोष आळसाचा नाही, असं आता माझं ठाम मत आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणारी माणसं काही वेळानं खुणा हुकवू लागत. ते का, हे नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं तपासलं. घड्याळासारखी तबकडी, काटा एकेक पाऊल सरकतो, क्वचित एखादी दुप्पट उडी घेतो. ती दिसली की कळवायचं. बैठक दोन तासांची, पण पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या जास्त हुकायला लागल्या. १९४८ मध्ये त्यानं हे छापलं. जिथं क्वचितच काही घडतं, तिथं नुसतं बघत राहणं माणसाला जमत नाही.

आणि यंत्र जितकं चांगलं, तितकं ते गडबड पोटात ठेवतं. १९ फेब्रुवारी १९८५ ला चायना एअरलाइन्सचं बोइंग ७४७ तैपेईहून लॉस एंजेलिसला निघालं होतं. पॅसिफिकवर, ४१,००० फुटांवर, उजवीकडच्या टोकाच्या इंजिनाची ताकद गेली. विमान उजवीकडे ओढू लागलं. ऑटोपायलट यॉक, म्हणजे पायलटपुढचं हातातलं सुकाणू, डावीकडे वळवून सावरत राहिला. रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, त्याच्या हातात नव्हता, ते काम पायलटच्या पायाचं, आणि पाय हलला नाही. कॅप्टनची नजर घसरणाऱ्या वेगावर खिळलेली. डावीकडे वळलेला यॉक समोरच होता. ऑटोपायलट काढला तेव्हा विमान उजवीकडे कलंडलं, आणि सावरेपर्यंत साडेनऊ हजार फुटांवर आलं होतं. सगळे वाचले. मी हा प्रसंग कितीदा वाचला असेल, दर वेळी तो वळलेला यॉकच डोळ्यांपुढे येतो.

एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात उलटं झालं, तिथं यंत्रानं सगळं एकदम हातात दिलं. १ जून २००९ ची रात्र, ३५,००० फूट. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फानं तुंबल्या, वेगाचे आकडे बिनसले, ऑटोपायलट सुटला. कॅप्टन नुकतेच विश्रांतीला गेलेले. विमान त्या क्षणी नीट उडत होतं. दचकलेल्या हातानं स्टिक मागे ओढली, विमान वर चढलं आणि स्टॉल झालं, म्हणजे पंखांना हवेचा आधार उरला नाही. साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात. २२८ जीव. त्या पायलटला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

यावर कुणी म्हणतं, हातानं उडवा. खाली उडवावंच, मीही संधी सोडत नाही. पण २९,००० ते ४१,००० फुटांत दोन विमानांमधलं वरखालचं अंतर हजार फुटांचं, तिथं उंची ऑटोपायलटनंच धरायची असा दंडक आहे आणि तो योग्य आहे. हात काढून घेतले तरी लक्ष कसं ठेवायचं, प्रश्न तेवढाच उरतो.

मंगळवारपासून मी प्लॅनचा रकाना अंगठ्यानं झाकते. आधी गेज वाचायचं, मोठ्यानं, मग लिहायचं, मग अंगठा काढायचा. आणि थोड्या थोड्या वेळानं स्वतःला विचारते, आत्ता ऑटोपायलट सुटला तर? नाक साधारण अडीच अंश वर, पॉवर आहे तिथंच, काही ओढायचं नाही. जवळचं विमानतळ कुठलं, तिथं धुकं आहे का? कॅप्टनशी बोलतही राहते, अगदी मोसंबीच्या भावाबद्दलसुद्धा. दोघं गप्प झालो की मला काळजी वाटते.

सकाळी सातला संभाजीनगरला निघायचंय, रात्री पुन्हा कोलकाता. स्वच्छ रात्री त्या वाटेवर माझ्या बाजूच्या खिडकीतून नाथसागर दिसतो, आजूबाजूच्या दिव्यांमधे काळा, मोठा.

आत्ता लिहिता लिहिता मोटार थांबली. लाइट गेली असणार. इतका वेळ तो आवाज येत होता, हे मला तो थांबल्यावर कळलं. आतल्या खोलीत अण्णा उठून बसलेत, अंधारात चपला चाचपडतायत.