डंपरने आलेलं अश्मयुग

मुंबईतल्या मढच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. पौर्णिमेची ओहोटी, पाणी पार लांब गेलेलं. या पट्ट्यात अश्महत्यारं मिळणं नवं नाही. नौदलातले अधिकारी टॉड यांनी कांदिवलीची हत्यारं १९३९ साली प्रसिद्ध केली. पण तेव्हाची मोकळी माळरानं आता कुठली?

बोंबील वाळत टांगायच्या वलांड्यांखाली मला पहिलं पातं दिसलं. अकीकाचं, जेमतेम नखाएवढं. मग दुसरं. मग पाती काढून उरलेला चक्क एक गाभा! अर्ध्या तासात अकरा नग. छातीत धडधडत होतं. बेटांवरच्या आद्य वस्तीवर बारा वर्षं काम केलं, पण एवढ्या दाटीने काही सापडलं नव्हतं.

"काय शोधतेस गो बाय?" बोंबील टांगणाऱ्या मावशींनी विचारलं.

दाखवलं. म्हटलं, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी घडवलंय.

"होडीनं आली होती?"

मी रंगात येऊन सांगत सुटले. हिमयुगात, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र सव्वाशे मीटरभर खाली होता. किनारा इथून कुठल्या कुठे, क्षितिजापलीकडे. तेव्हा बेटंच नव्हती, नुसत्या टेकड्या. चालत यायचं. पुढे पाणी चढलं आणि सखल रान बुडालं. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलात खैराची शेकडो झाडं सापडली, कित्येक तर जागच्या जागी उभी.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. हातातला बोंबील टांगला.

"पण ही माती आमची नाय. पावसात वाळवणाचं खळं वाहून गेलं, तवा दोन डंपर भराव टाकून घेतला."

आमचा मुलगा, म्हणजे विद्यार्थी, हळूच वही मिटायला लागला. मी त्याला थांबवलं, पण मलाही खाली बसावंसं वाटलं. दगड खरेच होते, घडवलेलेच होते. पण जागा गेली की आमच्या धंद्यात दगडाचं तोंड बंद होतं. कोणत्या थरात होता, शेजारी राख होती की शिंपले, काही कळत नाही. मुंबईत तर बरीच जमीन कुठून ना कुठून आणून टाकलेली. हे पहिल्यांदा तपासायचं, हे मी दर वर्षी वर्गात घसा फोडून सांगते.

पिशवीवर लिहिलं : 'भरावातील. मूळ जागा अज्ञात.'

मावशी डोकावून म्हणाल्या, "अज्ञात कशाला? डंपरवाल्याचा नंबर हाय माझ्याकडं. देऊ?"