बंड्याला योगी म्हणण्याआधी

गुरुवार. हवेत गारवा आलाय.

आज योगवर्गात शवासन आटोपताना बाई पुन्हा तेच म्हणाल्या, "घरात कुत्रं असेल तर त्याच्याकडे बघत जा, ते कायम वर्तमानात असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, शवासनातून उठल्या उठल्या वाद घालायची हौस कुणाला असते? पण गंगापूर रोडने घरी येईपर्यंत ते डोक्यात घोळत राहिलं. बाईंनी दिवाळीत कुत्रं सांभाळलेलं दिसत नाही.

लक्ष्मीपूजनाला आमचा बंड्या दिवेलागणीलाच दिवाणाखाली शिरला. अजून एकही फटाका वाजला नव्हता. अंधार पडला, खाली पोरांचा गलका सुरू झाला, की पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असतं. म्हणजे मागची आठवण आहे आणि पुढची धास्तीही आहे. वर्तमान कुठलं घेऊन बसलात! पहिला सुतळी बॉम्ब फुटल्यावर मी आत हात घातला तर बरगड्यांखाली नुसती धडधड, मिशांची टोकंसुद्धा थरथरत होती. पंजे घामेजून फरशीवर ओले ठसे उमटले होते. योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींच्या पाच क्लेशांतला, म्हणजे मनाला छळणाऱ्या पाच गोष्टींतला, शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जिवाची भीती. ती विद्वानालाही सुटत नाही असं सूत्रच सांगतं, आणि सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, व्यासभाष्यात तर नुकत्या जन्मलेल्या किड्यालाही ती असते. बंड्या त्यातून कसा सुटेल?

मला जे बघायला मिळालं ते त्यानंतरचं. मध्यरात्रीच्या सुमाराला आवाज थांबले. बंड्या बाहेर आला, नाकापासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की कान फटाफट वाजले. मग पुढचे पाय लांब टाकून, कंबर वर करून आळस दिला, थंड झालेला दूधभात चाटूनपुसून खाल्ला आणि झोपला. विषय संपला. मी मात्र जागी. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला काय सुनवायचं याची जुळवाजुळव चालली होती. ते काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणेन, मग ते कसे गप्प बसतील. कुणी एक अक्षर बोललेलं नसताना अख्खं भांडण झालं, आणि ते मी जिंकलेसुद्धा!

चित्ताच्या पाच वृत्ती, म्हणजे मनाच्या हालचाली, सांगताना पतंजली ज्याला विकल्प म्हणतात, त्यातलाच हा प्रकार: नुसत्या शब्दांच्या मागे धावायचं, पुढे वस्तू काहीच नाही. बंड्याकडे स्मृती आहे, निद्रा तर भरपूर आहे. पण त्याच्याकडे शब्दच नाहीत, त्यामुळे हे दुकान तो उघडत नसावा. भीती अंगात आली आणि अंगातूनच गेली. तिच्यावर टीपा लिहिल्या नाहीत. यात त्याची साधना काही नाही, हेही खरं. मला ते अभ्यासाने मिळवावं लागेल, त्याला आयतं मिळालंय. म्हणून त्याला योगी म्हणायला मी तयार नाही.

आसनांचंही तसंच. योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत, एकाही आसनाचं नाव नाही. स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्न सैल पडावा, एवढंच. घेरंडसंहिता हा हठयोगाचा जुना ग्रंथ म्हणतो, जितके जीवजंतू तितकी आसनं. आम्ही अधोमुखश्वानासनात खांदे ताणून शेजारणीच्या टाचा जमिनीला टेकल्यात का ते बघतो. श्वान मात्र त्याच्या पद्धतीने करतं आणि मनासारखं झालं की सोडून देतं.

संध्याकाळी बंड्याला आनंदवल्लीच्या बाजूला गंगेकडे, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीकडे, फिरायला नेलं. एका खांबापाशी तो अडला. पट्टा ओढला तरी हलेना, म्हणून मीही वाकून बघत राहिले. भरभर बारीक श्वास आत जात होते, आणि नाकपुड्यांच्या कडेच्या फटींतून बाहेर पडणाऱ्या उच्छ्वासाने खालची धूळ दोन्हीकडे किंचित उडत होती. आत जाणारा वास उच्छ्वासाने विस्कटू नये म्हणून ही सोय आहे म्हणतात. तेवढा वेळ फोन खिशातच राहिला. पण याला प्रत्याहार म्हणवत नाही. प्रत्याहारात इंद्रियं विषयांपासून मागे फिरतात. हा तर नाकासकट विषयात घुसला होता. धारणा म्हणा हवं तर, म्हणजे मन एकाच जागी बांधून ठेवणं.

आणि योगाच्या नियमांतला संतोष, आहे त्यात समाधान? रात्री स्वतःची पोळी संपवून हा आईच्या ताटासमोर जाऊन बसला. आई म्हणाली, "बघ कसा ध्यान लावून बसलाय." त्याची नजर शेवटच्या चतकोर भाकरीवर होती. आईने ती देऊनही टाकली.