कासच्या फुलांची वही: 'हेडिंग २' नक्की कुणाचं?

रविवारी तिघांच्या फायली एकत्र केल्या आणि कासच्या पठारावरच्या फुलांच्या आमच्या वहीचं पार कडबोळं झालं. माझी लिबरऑफिस रायटर या मोफत लेखन-प्रोग्राममधली, वाईच्या मित्राची आमच्याच जुन्या टेम्प्लेटवरची (म्हणजे तयार साच्यावरची), आणि कराडच्या काकूंची वर्डमधली. तेरड्याचा मथळा निळा, गेंदाचा काळा, अन् सीतेची आसवं बघायला गेलो तर मथळाच नाही, साध्या परिच्छेदाला नुसतं बोल्ड केलेलं!

गंमत म्हणजे बाकी सगळीकडं स्टाईलचं, म्हणजे एकदाच ठरवून ठेवलेल्या रंग-आकाराचं, नाव 'हेडिंग २'च. दोन फायलींत स्टाईलचं नाव सारखं असलं, की पेस्ट करताना ज्या फायलीत आपण आणतो तिचीच व्याख्या लागू होते. म्हणजे सगळं आपोआप माझ्यासारखं दिसायला हवं होतं. पण काकूंनी प्रत्येक मथळा निवडून हातानं रंग आणि आकार दिलेला, आणि हातानं दिलेलं नेहमी स्टाईलच्या डोक्यावर बसतं. ज्यांच्याकडं लिबरऑफिसची ७.६ किंवा पुढची आवृत्ती आहे त्यांनी एफ ११ दाबून स्टाईलच्या पट्टीत खालचं 'स्पॉटलाइट' चालू करून बघाच. समासात रंगीत चौकोन येतात, आणि हातचलाखी असेल तिथं चौकोनावर तिरप्या रेघा. काकूंची पानं रेघांनी भरून गेली.

मित्राच्या फायलीचं दुखणं वेगळं. मी टेम्प्लेट सुधारल्यावर फाईल उघडताना त्याला 'स्टाईल अद्ययावत करू का?' असं विचारलं गेलं असणार, आणि यानं 'जुन्याच ठेवा' दाबलं. एकदा ते दाबलं की रायटर पुन्हा विचारत नाही. मग टेम्प्लेटवरून कोरी फाईल काढली आणि सगळा मजकूर तिच्यात ओतला. दोन मिनिटांचं काम, पण हे सुचायला अख्खी दुपार गेली.

मंगळवारी रात्री 'बॉडी टेक्स्ट'चा फॉन्ट मुक्ता केला. मराठीचं एक अक्षर हललं नाही, बदलली फक्त रोमन नावं! देवनागरीचा फॉन्ट 'सीटीएल'च्या (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे जोडाक्षरं-मात्रांच्या लिप्यांच्या) वेगळ्या कप्प्यात असतो, रोमनचा पाश्चात्त्य कप्प्यात, हे मी दरवेळी विसरतो. तिथं बदलल्यावर फॉन्ट आला, पण टोपली कारवीच्या वेलांट्यांची टोकं छाटलेली. ओळींचं अंतर कुणीतरी 'फिक्स्ड' म्हणजे ठाम १४ पॉइंट ठेवलं होतं. 'प्रपोर्शनल' म्हणजे अक्षरांच्या प्रमाणात केलं आणि कारवीला तिची टोपी परत मिळाली.

हे दोन कप्पे शास्त्रीय नावांसाठी मात्र फार कामाचे. 'शास्त्रीय नाव' अशी कॅरेक्टर स्टाईल (परिच्छेदातल्या निवडक शब्दांपुरती स्टाईल) केली, तिच्यात इटॅलिक फक्त पाश्चात्त्य कप्प्यात ठेवलं. देवनागरी तिरकी केली की दारू प्यायल्यासारखी दिसते, हे माझं जुनं मत.

बुधवारी घात झाला. सगळं निवडून कंट्रोल एम मारलं, म्हणजे हातानं दिलेलं सगळं रूप पुसलं. काकूंचे रंग गेले, पण त्यांच्याबरोबर हातानं तिरकी केलेली सगळी शास्त्रीय नावंही सरळ झाली. मग शोधा-बदला उघडून रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी अक्षरांचा नमुना शोधणारं सूत्र, लावलं: एक मोठं रोमन अक्षर, मागोमाग छोटी अक्षरं, जागा, परत छोटी अक्षरं. प्रजातीचं नाव असंच लिहितात, तेव्हा 'सेंमी' किंवा 'जीपीएस' त्यात अडकत नाहीत. पहिल्यांदा 'मॅच केस'ची (मोठं-छोटं अक्षर वेगळं धरायची) खूण करायची राहून गेली आणि मोठं-छोटं सगळंच निवडलं गेलं. खूण करून 'फाइंड ऑल', मग स्टाईलवर डबल क्लिक. वायतुऱ्याचं अपोनोजेटॉन सातारेन्सिस डोळ्यांसमोर तिरकं झालं. नावातच सातारा असलेलं रोप सरळ उभं राहिलेलं बघवत नव्हतं.

फुलण्याच्या महिन्यांचा तक्ता अजून बाकी आहे, त्याला हात लावलेला नाही. नवं टेम्प्लेट दोघांना पाठवलं. मित्रानं अंगठा दाखवला. काकूंचा फोन आला: "सगळं तुझ्या मनासारखं कर बाबा, फक्त ते बोल्डचं बटण तेवढं माझ्याकडं राहू दे."