तुम्ही विचारलंत म्हणून: आईबाप धडधाकट, मग मुलाला सिकलसेल कुठून आला?

गडचिरोली जिल्ह्यात विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो, तरी एक प्रश्न अजून ओसरीवर येतो: "गुरुजी, आमी दोघंबी धडधाकट, मंग पोराले हे कुठून आलं?" याचे उत्तर मी माझ्या घरातूनच देतो, कारण माझे आईवडील जन्मभर शेतात राबले आणि त्यांच्या चार अपत्यांपैकी दोघांना सिकलसेल हा रक्ताचा आजार होता.

हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. त्यांतली एकच सदोष असेल तर दुसरी काम निभावते. हा 'एएस पॅटर्न', आणि अशा माणसाला, म्हणजे वाहकाला, सहसा काही होत नाही. दोन्ही सदोष आल्या की 'एसएस', ज्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच मोडतात. गर्भातले वेगळे हिमोग्लोबिन जन्मानंतर काही महिने बाळाला सांभाळते, म्हणून माझा भाऊ आधी गुटगुटीत होता आणि मग त्याचे हातपाय सुजू लागले. आजीने दृष्ट काढली, शेजारणींनी आईच्या दुधाला बोल लावला. असा दोष दोन्ही पालकांकडून येतो, हे आनुवंशशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी अमेरिकेत १९४९ सालीच दाखवले होते. आमच्या गावात मात्र वडिलांना कोणी एका शब्दाने विचारले नाही.

वर्गात मी दोन वाट्या ठेवायचो, प्रत्येकीत चवळीचा एक पांढरा आणि एक लाल दाणा. वाट्या म्हणजे वाहक आईबाप, लाल दाणा म्हणजे सदोष प्रत. डोळे मिटून दोन्हींतून एकेक उचलायचा, नोंद करायची आणि दाणे परत टाकायचे. दोन्ही लाल निघण्याची शक्यता चारांत एक, पण एका मुलीला ते लागोपाठ तीनदा निघाले आणि वर्ग हसला. "पहिलं आजारी निघालं, म्हणजे आता पुढची तिघं चांगली ना?" असे विचारणाऱ्यांना मी याच वाट्या दाखवतो, कारण प्रत्येक गर्भाच्या वेळी दाणे पुन्हा वाटीत असतात. जी मुले निरोगी दिसतात, त्यांच्यातही तिघांमागे दोघे वाहक असण्याचा संभव असतो. मी तसाच एक.

शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढेच सांगते. एएस की एसएस, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने ठरते. त्यामुळे नुसता 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद मला अपुरा वाटतो. जोडीदार पूर्ण निर्दोष, म्हणजे एए, असेल तर वाहकाच्या मुलांना एसएस होत नाही. माझी पत्नी एए आहे आणि मुलगी एएस. तिला स्थळ आले की पत्रिकेआधी मी मुलाच्या रक्ताचा कागद मागतो, आणि त्यावरून दोन पाहुणे चहा अर्धा ठेवून उठून गेले आहेत.