आमची वाटचाल : एक मिलिमीटरचा फरक

"पंखाच तर आहे, नवा टाका की." हे ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. टाका ना, पण कोणता टाकणार? सर्व्हरमधला १२० × १२० × ३८ मिलिमीटरचा पंखा घ्या. त्याचं मॉडेल कधीच बंद झालेलं असतं. प्लग त्या कंपनीचा स्वतःचा आणि तारांचा क्रम बाजारातल्या पंख्याशी न जुळणारा. बोर्डाला दर फेऱ्याला वेग कळवणारे दोन पल्स हवे असतात, वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो लगेच तक्रार करतो. आणि जुन्या पंख्यात बिघडलेलं असतं काय? कॉइल शाबूत, मॅग्नेट शाबूत, पात्यांना तडा नाही. करंगळीच्या नखाएवढी दोन बेअरिंगं, म्हणजे दांडा फिरता ठेवणारी छर्ऱ्यांची कडी, तेवढी गेलेली असतात. संगणकांचे पंखे दुरुस्त करणारी आमची फर्म या दोन बेअरिंगांवर उभी राहिली आणि त्यांच्याचपायी एकदा बुडता बुडता वाचली.

सुरुवातीला आम्ही दोघे होतो. भागीदार मूळचे घड्याळजी. बारीक कामाचा हात त्यांचा, म्हणून बाकावरची हत्यारं आजही त्यांच्याच पद्धतीची आहेत. बारीक टोकाचे दोन चिमटे, त्यातला एक पितळी, कारण लोखंडी चिमटा मॅग्नेटला चिकटतो आणि नेमक्या वेळी हात चुकतो. मधोमध भोक पाडलेला लाकडी ठोकळा, फ्रेम त्यावर सपाट बसते आणि हबवर, म्हणजे पात्यांच्या मधल्या टोपीवर, भार येत नाही. मापं घ्यायला डिजिटल व्हर्निअर. ५ मिलिमीटरची सपाट टोकाची पितळी सळई. आणि त्यांनी केलेलं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे जुन्या ६९३ बेअरिंगची बाहेरची रिंग, घासून ८ वरून ७.८ मिलिमीटरवर आणलेली. नवं बेअरिंग बसवताना ही रिंग त्याच्यावर ठेवून दाबायचं, म्हणजे सगळा दाब बाहेरच्या रेसवरच (छर्रे ज्या दोन कड्यांमध्ये फिरतात त्यांतल्या बाहेरच्या कड्यावरच) पडतो. हे हत्यार त्यांनी बनवलं त्या आधी आम्ही बोटाने, पेनाच्या टोपणाने, हाताला येईल त्याने दाबत होतो. दाब आतल्या रेसवर आला की तो छर्ऱ्यांमधून पलीकडे जातो आणि रेसवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. बेअरिंग नवंकोरं, पण पहिल्या दिवसापासून घरघरणारं. वर आपण म्हणणार, माल खराब आला.

पंखा कामाचा आहे की नाही, हे आधी ठरवावं लागतं. मागचं स्टिकर सोलल्यावर आत रबरी बूच आणि बुचाखाली शाफ्टच्या (मधल्या दांड्याच्या) खाचेत बसलेली क्लिप दिसली, तर पंखा उघडतो. मागची बाजू पूर्ण बंद असेल, तर शक्यतो हात लावू नये; द्रव बेअरिंगचे बरेच पंखे असे असतात आणि जोर केला की शाफ्ट हबमधून निसटतो. क्लिपऐवजी फाट असलेला नायलॉनचा वॉशर आणि खाली काशाचा बुश (नळीसारखं अस्तर) दिसला, तर ते स्लीव्ह बेअरिंग. तिथे छर्रे नसतात. सच्छिद्र धातूत तेल मुरवलेलं असतं, ते संपलं की आवाज. असा पंखा आडवा ठेवल्यावर आणि उभा धरल्यावर वेगळा वाजतो, ही त्याची सोपी ओळख. बुश आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन, वाळवून दोन थेंब चांगलं सिंथेटिक तेल दिलं की बरेचदा काम भागतं. शाफ्टवर नख फिरवून पाहावं. चर लागला तर तेल देऊन उपयोग नाही. लॅपटॉपचे पंखे आम्ही बेअरिंग बदलायला घेतच नाही.

वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा असेल तर एक गोष्ट आवर्जून सांगतो. प्लग काढला म्हणजे डबा सुरक्षित झाला, असं नाही. मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. मीटरने मोजल्याशिवाय आत बोट घालू नका.

उघडण्याचं काम असं. स्टिकर केस वाळवायच्या यंत्राने कोमट करून एका कडेने उचलायचं, फाडायचं नाही. बूच काढायचं. मग पंखा पारदर्शक पिशवीत घालून पिशवीच्या आतच क्लिप काढायची, कारण ती उडते आणि उडालेली क्लिप सापडत नाही. वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडायचे आणि फोटो काढायचा. पाती उपसताना मॅग्नेट ओढून धरतो. एका बाजूने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, समोरासमोर दोन प्लास्टिकच्या पट्ट्या लावून सारखं उचला. हबच्या आतल्या कडेला कधी राखाडी लुकणाचा ठिपका दिसतो, तो मळ नव्हे. कारखान्यात पात्यांचा तोल साधायला लावलेलं ते वजन असतं. आमच्याकडच्या एका नव्या मुलाने ते हौसेने खरवडून स्वच्छ केलं होतं. त्या पंख्याची थरथर पुढे कशानेच गेली नाही.

बेअरिंगं फ्रेमच्या मधल्या नळीच्या दोन्ही तोंडांना बसलेली असतात, मधे नळीला खांदा असतो. खालचं काढताना वरच्याच्या भोकातून २.५ मिलिमीटरची ॲलन की तिरकी घालून आतल्या रेसची कड पकडायची आणि हळूहळू चारी बाजूंनी ठोकायचं. ते फेकायचंच असतं, त्यामुळे आतल्या रेसवर मारलं तरी चालतं. मग वरचं काढायला ५ मिलिमीटरची सळई सरळ जाते.

आता मुद्द्यावर येतो. ८० आणि १२० मिलिमीटरच्या पंख्यांत ३ मिलिमीटरचा शाफ्ट नेहमीचा. त्यावर ६९३ झेडझेड (झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण) बसतं, म्हणजे आत ३, बाहेर ८, जाडी ४. याचंच चुलत भावंड एमआर८३ झेडझेड, आत ३, बाहेर ८, जाडी मात्र ३. शाफ्टवर दोन्ही सारखीच जातात, नळीतही सारखीच बसतात. एका मोठ्या ऑर्डरसाठी आम्ही एका पुरवठादाराकडून ६९३ चा लॉट उचलला. पाकिटांवर ६९३ छापलेलं होतं. आम्ही नमुन्याला आतला आणि बाहेरचा व्यास मोजला, दोन्ही बरोबर आले. जाडी मोजली नाही. पाकिटांमध्ये ३ मिलिमीटरची बेअरिंगं मिसळलेली होती.

हे लगेच का कळलं नाही, ते नीट समजून घ्या, कारण या धंद्यातली सगळी फसगत इथेच आहे. हब आणि वरच्या बेअरिंगची आतली रेस यांच्यामध्ये एक छोटी स्प्रिंग असते. ती वरची आतली रेस खाली रेटते आणि शाफ्टच्या टोकाची क्लिप खालची आतली रेस वर ओढते. दोन्ही आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या गेल्या की छर्रे रेसला कायम टेकून फिरतात, मोकळीक उरत नाही आणि पंखा शांत राहतो. हब आणि क्लिप यांच्यातलं अंतर ठरलेलं आहे. बेअरिंग एक मिलिमीटरने पातळ घातलं की तो मिलिमीटर स्प्रिंगला मिळतो आणि तिचा दाब जवळजवळ संपतो. दोन्ही पातळ असली तर दोन मिलिमीटर.

आमची चाचणी बाकावर, पंखा आडवा ठेवून, पूर्ण १२ व्होल्टवर व्हायची. पात्यांचं वजन आणि मॅग्नेटची ओढ मिळून रोटर (पात्यांचा फिरणारा भाग) खाली दाबून धरायचे, आवाज नाही. सगळे पंखे पास झाले. ग्राहकाकडे तेच पंखे उभे बसले. हवा मागे ढकलणारी पाती स्वतःला पुढे ओढतात. वेग वाढला की रोटर पुढे सरकायचा, वेग उतरला की मॅग्नेट त्याला मागे घ्यायचा. दर बदलाला टक्. आणि दाब नसलेले छर्रे लोळायचे सोडून घसरतात, ग्रीस भरडलं जातं, छर्ऱ्यांना अंतरावर धरणारा पिंजरा वाजायला लागतो. काही आठवड्यांत पंखे परत यायला लागले, मग खोकेच्या खोके परत आले.

पहिला उपाय आम्हीच चुकीचा केला. जागा भरायला नेहमीचे एम३ चे (३ मिलिमीटरच्या स्क्रूचे) वॉशर घातले. त्यांचा बाहेरचा व्यास ७ मिलिमीटर. ते आतल्या रेसवर टेकतात आणि वर बेअरिंगच्या पत्र्याला, बाहेरच्या रेसलाही घासतात. घरघर गेली आणि खरखर आली. वॉशर घालायचाच तर तो आतल्या रेसपुरताच हवा, बाहेरचा व्यास साडेचार मिलिमीटरच्या आसपास. भागीदारांनी घड्याळाच्या लेथवर तसे कातून दिले, पण ती मलमपट्टी होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी प्रत्येक पंखा पुन्हा उघडला आणि प्रत्येक बेअरिंगची जाडी मोजून खरं ६९३ घातलं. पुरवठादाराने पाकीट फोडलेलं आहे म्हणून हात वर केले. तो खर्च पूर्णपणे आमच्या अंगावर पडला, त्यात भागीदारांनी आपला वाटा काढून घेतला आणि ते घड्याळांकडे परत गेले. त्यांचा राग आम्हाला कधीच आला नाही. त्या पुरवठादाराचा मात्र आजही येतो.

त्याच सुमाराला पाच मिनिटांत आवाज बंद करून देणारे एक स्पर्धक उभे राहिले. स्टिकरमधून सुई टोचायची आणि गंज सोडवणारा स्प्रे आत मारायचा. आवाज खरंच बंद होतो, म्हणून तर लोक फसतात. स्प्रेमधला द्रावक वाळलेलं ग्रीस पातळ करतो, काही दिवस छर्रे ओले फिरतात, मग द्रावक उडून जातो आणि जाताना उरलंसुरलं ग्रीस पत्र्याच्या फटीतून बाहेर नेतो. स्लीव्हच्या पंख्याला तेलाने फरक पडतो, हे आम्ही वर सांगितलंच आहे. छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर हा उपाय म्हणजे त्याचं उरलेलं आयुष्य धुऊन काढणं. असे पंखे मग आमच्याकडे यायचे, तेलकट, स्टिकर पुन्हा न चिकटणारं, नळी बरबटलेली, आणि ग्राहक म्हणायचे की तिकडे पाच मिनिटांत होतं, तुम्हाला दोन दिवस कशाला लागतात. आम्ही जुनं बेअरिंग कापून आतल्या रेसवरचा झिजलेला पट्टा भिंगातून दाखवायचो. काही जणांना पटायचं.

त्या वाईट काळात एक गृहस्थ आमच्याकडून हलले नाहीत. ते ध्वनिमुद्रक. त्यांच्या खोलीत पंख्याचा आवाज म्हणजे कामच थांबणं. त्यांचेही पंखे त्या लॉटमधले होते. लाकडी काडीचं एक टोक फ्रेमला आणि दुसरं कानाजवळच्या हाडाला लावून ऐकायची पद्धत त्यांची. बेअरिंगचा आवाज हवेच्या आवाजापासून असा वेगळा काढता येतो. "टक् आवाज वेग बदलतानाच येतो, एका वेगावर येत नाही," हे आधी त्यांनी सांगितलं आणि तिथून आम्ही स्प्रिंगपर्यंत पोचलो. दुसऱ्या एका पंख्याची टिकटिक बेअरिंगची नाही, हेही त्यांनीच ओळखलं. तो तीन तारांचा पंखा तुकड्या-तुकड्याने दिलेल्या पुरवठ्यावर चालवला होता आणि प्रत्येक तुकड्याला कॉइल ठोकत होती. चार तारांच्या पंख्याला नियंत्रणाची तार वेगळी असते आणि तिच्यावरचा सिग्नल २५ किलोहर्ट्झचा, कानाच्या पलीकडचा. तिथे असली टिकटिक नसते. अशा पंख्यात दहा बेअरिंगं बदलली तरी काय होणार?

पुढची वर्षं सुरळीत गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पद्धत तेवढी बदलली. प्रत्येक बेअरिंगची तिन्ही मापं घेतो. आतली मोकळीक एमसी३, म्हणजे ५ ते १० मायक्रॉन, हीच मागवतो. झेडझेडच घेतो, रबरी सीलचं २आरएस धूळ चांगली अडवतं, पण सीलच्या घर्षणाने पंखा कमी व्होल्टवर सुटत, म्हणजे फिरायला लागत, नाही. एबेक ७ छापलं म्हणून बेअरिंग शांत असेल असं धरू नका, तो आकडा मापांच्या अचूकपणाचा आहे, आवाजाचा नाही. गंजरोधक तेल लावून आलेलं बेअरिंग तसंच घालू नका, आत ग्रीस हवं, तेही मोकळ्या जागेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकंच. नळीत बेअरिंग सैल असेल तर रिटेनिंग कंपाउंडचा (धातूचे भाग जागी घट्ट धरणाऱ्या द्रवाचा) टाचणीच्या टोकाएवढा ठिपका बाहेरच्या कडेला लावा. झटपट चिकटणारा गोंद कधीच नको, तो पत्र्याखालून छर्ऱ्यांपर्यंत झिरपतो.

चाचणी आता तीन स्थितींत होते: उभा, आडवा आणि उलटा. उलट्यात रोटर स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि स्प्रिंग मेलेली असेल तर तिथेच उघडी पडते. त्याआधी हब बोटांच्या चिमटीत धरून किंचित आत दाबायचा आणि सोडायचा. स्प्रिंग जागेवर असेल तर तो अलगद परत येतो आणि बोटांना खट् लागत नाही. मग व्होल्ट शून्यापासून चढवत पंखा कितीवर सुटतो ते पाहायचं, १२ वर अँपिअर किती ते पाहायचं आणि दोन्ही आकडे दुरुस्तीच्या आधीच्या आकड्यांशेजारी लिहायचे. सुटायचे व्होल्ट पूर्वीपेक्षा वाढले, तर आवाज नसला तरी तो पंखा पुन्हा बाकावर येतो.

ध्वनिमुद्रकांचे पंखे अजून आमच्याकडेच येतात. मागच्या खेपेला त्यांनी पाठवलेल्या एका पंख्यात आमचीच जुनी बेअरिंगं निघाली, लॉट परत आल्यानंतर दुसऱ्यांदा घातलेली. व्हर्निअर लावला. दोन्हींची जाडी ४ मिलिमीटर.