पहाटेचा वासुदेव

'आरोग्य सेवक' हे पद कागदावर एका ओळीचं. प्रत्यक्षात त्या माणसानं पंधरवड्याला घरोघर फिरून तापाचे रुग्ण शोधायचे, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्तनमुने घ्यायचे, विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची पावडर, पडलं का ते बघायचं, रांजण-बॅरल उघडून डासांच्या अळ्या शोधायच्या, साथ आली की रात्री-अपरात्री धावायचं आणि महिनाअखेरीला या सगळ्याचा अहवाल द्यायचा. कृष्णाकाठच्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आप्पांनी हे काम निवृत्त होईपर्यंत केलं. आणि हसत-खिदळत केलं. गेल्या महिन्यात आप्पा गेले. दहाव्याला जो भेटला तो त्यांची एक तरी गंमत सांगत होता. मला मात्र त्या गमतीच्या पोटात काय होतं ते सांगायचंय, कारण मी आरोग्य सेविका म्हणून त्यांच्याबरोबर गावं पालथी घातली आहेत.

आप्पा भजनी मंडळात होते, भारुडात सोंगं काढायचे, शिमग्याला पोरांत पोर व्हायचे. काही लोक त्यांना टवाळ म्हणायचे. आढावा बैठकीत एकदा एका साहेबांनी "काम कमी आणि करमणूक जास्त" असं सगळ्यांदेखत सुनावलं होतं. मला त्याचा आजही राग येतो. त्या साहेबांनी आप्पांना एखाद्या घरात रांजण तपासताना बघायला हवं होतं.

घरात शिरले की आप्पा आधी पोरं गोळा करायचे. रांजणात बॅटरीचा झोत टाकायचे आणि म्हणायचे, "बघा रं, पळत्यात का न्हाई!" उजेड पडताच पृष्ठभागाशी लटकलेल्या अळ्या वळवळत तळाला जायच्या. पोरं किंचाळायची, त्यांच्या आया धावत यायच्या आणि आपल्या पिण्याच्या पाण्याशेजारी काय पोसलं जातंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. मग आप्पा सांगायचे की अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं घासून कोरडं ठेवायचं. जे रांजण-हौद रिकामे करता येत नाहीत, त्यांच्यासाठी त्यांच्याकडे बाटलीत गप्पी मासे असायचे. "ही बाय अंडी घालत न्हाई, थेट पिल्लं देती. हिचं बाळंतपण करायला सिस्टर लागत न्हाईत," असं माझ्याकडे बघून म्हणायचे. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पुढच्या आठवड्यात गेलं की त्याच घरातला रांजण पालथा घालून वाळत ठेवलेला असायचा.

पण मला सांगायची आहे ती २००९ च्या गळीत हंगामातली एक पहाट.

पल्स पोलिओची फेरी होती. रविवारी बूथ आणि सोमवारपासून घरोघर. गावातली मुलं बहुतेक बूथवरच उरकायची. आमचं दुखणं होतं ते कारखान्याच्या रस्त्याला पडलेला ऊसतोडणीचा तळ. बीडकडच्या टोळ्या दिवाळीनंतर यायच्या आणि उन्हाळा लागेपर्यंत पाचटाच्या कोप्यांत राहायच्या. मुकादमाच्या वहीत कोयते मोजलेले असायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं कुठंच मोजलेली नसायची. आमची टीम सकाळी पोचायची तोवर तळ ओस पडलेला, बैलगाड्या पहाटे चारलाच फडाकडे गेलेल्या आणि तान्ही पोरं आईबरोबर उसात. संध्याकाळी गेलं तर दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या बाया बोलायच्याही मनःस्थितीत नसायच्या. शिवाय मागच्या फेरीत डोसानंतर एका पोराला ताप आला होता. तो डोसानं नव्हता, पण ते ऐकून कोण घेणार? दोन-तीन टोळ्यांनी दारंच लावून घेतली. त्या वर्षी देशात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले. हा विषाणू माणसांबरोबर फिरतो आणि सहा महिने परमुलखात काढणारी ही लेकरं आमच्या यादीतून निसटत होती.

रविवारी रात्री लशीचा हिशेब करताना आप्पा म्हणाले, "सिस्टर, येवढ्या पहाटं लोकं सरकारला दार उघडत न्हाईत. वासुदेवाला उघडत्यात."

पहाटे साडेतीनला आम्ही निघालो. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार आइसपॅक आणि मधल्या पिशवीत लशीच्या कुप्या. थंडी अशी की मार्कर धरताना बोटं आखडत होती. जीपमधून उतरताना मी आप्पांकडे बघितलं. पायघोळ अंगरखा, कमरेला शेला, गळ्यात माळा आणि डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी. भजनी मंडळाच्या ट्रंकेतून रात्रीच काढून आणली होती. हातात टाळ आणि चिपळ्या.

तळावर नुकत्याच चुली पेटत होत्या. अंधारातून चिपळ्या वाजल्या आणि आप्पांनी खडा आवाज लावला. पंढरीच्या विठोबाला, तुळजापूरच्या भवानीला, परळीच्या वैजनाथाला दान पावलं. वैजनाथाचं नाव ऐकताच एका कोपीचं तरट बाजूला झालं. आपल्या मुलखातला देव इथं कोण घेतंय? एक आजी ओंजळभर ज्वारी घेऊन बाहेर आली. आप्पा तिच्या पाया पडले आणि म्हणाले, "आज्जी, आज घ्यायला न्हाई आलो, द्यायला आलोय. तुमच्या नातवाला दोन थेंब."

आजी आधी गोंधळली, मग खळखळून हसली आणि नातवाला उचलूनच घेऊन आली. मी थेंब टाकले, डाव्या हाताच्या करंगळीला खूण केली. आप्पांनी टाळ वाजवून जाहीर केलं, "डोस पावलाऽऽ!" पुढं कोपी-कोपीतून पोरं स्वतःच आया-बहिणींना ओढत आणत होती. प्रत्येकाला आपल्या नावानं "डोस पावला" ऐकायचं होतं. आप्पा प्रत्येकाचं नाव विचारून, त्यात आईचं नाव गुंफून म्हणत होते. दारं लावून घेणाऱ्या टोळ्यांतलीही मुलं आली. आप्पांनी तापाचा विषय स्वतःच काढला, तो डोसानं का नव्हता ते सांगितलं आणि लागलीच पुढचं नाव पुकारलं.

गर्दीत सात-आठ वर्षांची एक मुलगी सुपात पीठ घेऊन उभी होती. आप्पांनी खाली बसून विचारलं, "घरात अजून कोण बारकं हाय का गं?" ती म्हणाली, "हाय की. पर त्याला बाहीर आणत नाहीत. त्याचं बारसं व्हायचंय."

शेवटच्या कोपीत बाई लेकराला धडप्यात गुंडाळून बसली होती. आठ-दहा दिवसांचं बाळ. इथंच, कोपीत जन्मलेलं. कुठंच नोंद नाही, क्षयाची बीसीजी लस नाही. मी हात लावला तर तळपाय गार. आमच्या झोळीच्या काट्यावर पावणेदोन किलोही भरेना. चोखायची ताकद कमी झाली होती. मी त्याला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून घोंगडी गुंडाळायला सांगितलं, झिरो डोसचे, म्हणजे जन्मल्यावर द्यायच्या पोलिओ डोसचे, थेंब दिले आणि म्हटलं, बाळाला आत्ताच्या आत्ता ग्रामीण रुग्णालयात न्यायला हवं.

मुकादम आडवा आला. एक कोयता बंद पडणार, उचल फिटायची कशी? नवरा खाली मान घालून उभा.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून त्या मुलीच्या हातात दिली. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता. आवाज अजिबात न चढवता ते मुकादमाला म्हणाले, "ह्ये पोर हितं गेलं तर तुमच्या वहीत काय लिवणार?" मुकादम काही बोलला नाही. आप्पांनी बाईला जीपमध्ये बसवलं, नवऱ्यालाही चढवलं, खिडकीला घोंगडं लावलं आणि मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जावा ह्यांच्यासंगं. हितलं ऱ्हायलेलं मी उरकतो." उरलेले थेंब त्यांनी आणि अंगणवाडी सेविकेनं मिळून दिले.

बाळ वाचलं. रुग्णालयातून सुट्टी झाल्यावर हंगाम संपेपर्यंत आप्पा दर आठवड्याला काटा घेऊन तळावर जात. जाताना टोपी नसायची, पण पोरं रस्त्यावरूनच ओरडायची, "वासुदेव आलाऽऽ!" टोळी गावाकडे निघाली तेव्हा आम्ही आईला लसीकरणाचं कार्ड नीट समजावून दिलं आणि पुढचे डोस गावच्या उपकेंद्रात घ्यायचे हे तिच्याकडून वदवून घेतलं.

२०१० मध्ये देशातले रुग्ण ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. तेव्हा आप्पा निवृत्त झालेले होते. त्या संध्याकाळी ते सातारी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन केंद्रात आले, शिपायापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाच्या हातावर एक-एक ठेवला आणि दर वेळी म्हणाले, "डोस पावला."

आमच्या केंद्रात आता नवा आरोग्य सेवक आहे. त्याला गाता येत नाही, पण पोरांना कागदाची विमानं छान करून देतो. फेरीच्या आराखड्यात ऊसतळाची वेळ पहाटे साडेतीनचीच लिहिली जाते आणि प्रत्येक कोपीत एक प्रश्न न चुकता विचारला जातो: घरात अजून कोण बारकं आहे का?