आमची वाटचाल : फसलेल्या नेव्ही ब्लूपासून

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या) लॅबमध्ये मी अकरा वर्षं काढली. पगार बेताचा, पण कोणता रंग कुठे दगा देतो ते कळायला लागलं होतं. तेवढ्या भांडवलावर आणि हिच्या चार बांगड्या मोडून भाड्याच्या गाळ्यात रंगांचा धंदा मांडला.

काळ चमत्कारिक होता. घातक अमाईन (कॅन्सर करू शकणारी रसायनं) सोडणाऱ्या अॅझो जातीच्या रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी घातली होती, १९९७ मध्ये आपल्याकडेही आली. ‘जुना माल पडत्या भावात देतो’ म्हणणारे भेटायचे. आम्ही घेतला नाही. त्यात सचोटी किती आणि भीती किती, ते आता सांगता येणार नाही.

रंग आम्ही बनवत नाही. वापी-अंकलेश्वरचा माल आणायचा, ताकद तपासायची, मिसळून पार्टीला हवी ती शेड द्यायची. पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपात तरंगत राहतात. १३० अंशांना, दाबाखाली धागा सैलावतो तेव्हा कुठे ते आत शिरतात. दळण जाडं राहिलं की कापडावर ठिपके. म्हणून प्रत्येक लॉट आधी फिल्टर पेपरवर गाळून बघतो.

पण आम्हाला बुडवलं होतं ते दळणाने नव्हे. एका नेव्ही ब्लूची शेड रात्री आठ वाजता ट्यूबलाइटखाली जुळवली. तंतोतंत! पार्टीने सगळा लॉट रंगवला, गच्चीवर उन्हात धरला, तर तांबूस. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात, हे मला पुस्तकातून पाठ होतं, घाईत विसरलो. कापड आमच्या गळ्यात पडलं. त्याच्या पँटी आमच्या नात्यात पुढची पाच वर्षं फिरत होत्या.

पुढच्याच वर्षी कर्ज काढून लाइट बॉक्स, म्हणजे वेगवेगळ्या उजेडांत शेड बघायची पेटी, घेतला. शेड आता ही बघते, तिची नजर माझ्याहून पक्की. बॉक्समध्ये जुळली तरी पट्टी घेऊन ती दारात उन्हात जातेच.

कागदाच्या रंगांकडे वळलो ते कापडवाल्यांच्या उधारीला कंटाळून. तिथेही उधारीच निघाली. खोक्यांच्या तपकिरी क्राफ्ट कागदाला ‘बेसिक’ जातीचे रंग लागतात. लगद्यातल्या लिग्निनला (लाकडातला तंतू जखडून ठेवणारा घटक) ते लगेच धरतात, स्वस्त पडतात. उन्हात उडतात खरे, पण खोक्याला कुठे वर्षानुवर्षं टिकायचंय? पांढऱ्या लगद्यात लिग्निन जवळजवळ नसतं, त्याला मात्र ‘डायरेक्ट’ जातीचे रंगच बरे. खरी डोकेदुखी लगदा ज्या रद्दीचा करतात तिची. आज एक रद्दी, उद्या दुसरी. तोच रंग, तेवढंच वजन, तरी कागद वेगळा. मग मिलमधून फोन येतो, ‘शेठ, तुमचा रंग बदलला.’ आम्ही राखून ठेवलेला लॉटचा नमुना काढतो, त्यांचाच लगदा मागवतो आणि बीकर घेऊन बसतो.